वरीलप्रमाणे

महाराष्ट्रात कोण कोण राहतं हे सरकारला दहा वर्षांतून एकदा कळतं, आणि हल्ली तेही वेळेवर कळत नाही. माझ्या नवऱ्याच्या मामांना मात्र ते दर रविवारी, जुन्नरचा बाजार उठायच्या आत कळलेलं असतं. यात अतिशयोक्ती असलीच तर ती माझी नाही, त्यांची आहे. मामा निवृत्त प्राथमिक शिक्षक. घर निमगाव सावाला, पण तिथं ते फक्त जेवायला आणि झोपायला असतात. उरलेला वेळ जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत माणसं गोळा करत हिंडतात. गोळा करतात म्हणजे वहीत उतरवून घेतात. कुणी टपालाची तिकिटं जमवतं, कुणी जुनी नाणी; मामा लोकसंख्या जमवतात. त्यांचं म्हणणं असं, की राज्यात कुठकुठल्या जातीजमातीची, रंगाची आणि नाकाडोळ्याची माणसं आहेत हे समजून घ्यायला राज्यभर फिरायची गरज नाही. कोकणातली माणसं नाणेघाटानं वर आली ती जुन्नरात उतरली, नगरकडची मेंढरं पाण्याला इकडंच येतात, आणि आता तर रेल्वे नसूनही बिहार इथवर पोचलं आहे. शितावरून भाताची परीक्षा करतात, तर आमचे दोन तालुके हे ते शीत, असं मामा मला सांगतात, आणि गेली वीस वर्षं ते एकच शीत बोटांत धरून दाबून बघताहेत.

माणूस भेटला की लोक त्याचं नाव विचारतात. मामा नाव सगळ्यात शेवटी विचारतात, कधी कधी विसरूनही जातात. त्यांचा पहिला प्रश्न, "मूळचे कुठले?" समोरचा म्हणतो, "हितलंच की." त्यावर मामा मान हलवतात. "हितलं कुणीच नसतं. शिवनेरीचा खडक सोडला तर बाकी सगळे कुठनं ना कुठनं आलेले." मग पुढचे प्रश्न सुरू होतात. कुळदैवत कोणतं, त्याला नैवेद्य गोड की तिखट, लग्नात देवक कशाचं, घराण्यात कोणत्या झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत, भाकरी हातावर थापता की परातीत. हे सगळं ते इतक्या आपुलकीनं विचारतात की माणूस रागावत नाही, फार तर घड्याळाकडं बघतो. एकदा घोडेगावच्या गाडीत त्यांनी कंडक्टरलाच धरलं. तो निघाला लातूरकडचा, त्याच्या घराण्याचं देवक काय याबद्दल त्याला स्वतःलाच शंका, म्हणून त्यानं चालू गाडीत आईला फोन लावला. आईनं सविस्तर सांगितलं. तोवर दोन थांबे बेल न वाजता मागे पडले होते आणि डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई दारात उभी राहून मामांच्या कुळाचा उद्धार करत होती. मामांनी शांतपणे विचारलं, "बाई, तुमी कुठल्या?"

या उद्योगात मी कशी सापडले ते सांगते. मी विम्याची एजंट आहे. स्कूटर घेऊन घरोघरी जाणं हे माझं काम. मामांना गाडी चालवता येत नाही आणि मला मागं कुणी बसलं तर चालतं, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला भागीदार करून घेतलं. येडगावच्या धरणाजवळ मासे धरणारं एक कुटुंब आहे. तिथं मी तीन फेऱ्या मारून नवराबायकोला पॉलिसीपर्यंत आणलं होतं. फॉर्म भरून झाला होता, सही तेवढी बाकी. मामांनी विचारलं, "मूळचे कुठले?" नवरा म्हणाला, भीमेकाठचे. आतून त्याची आई म्हणाली, "काय बी सांगतो. त्याच्या आदी आमी गोदावरीला व्हतो." मायलेकांत जुंपली. त्यात सून म्हणाली, "मला लग्नात तर तिसरंच सांगितलं व्हतं," आणि मग मूळ गाव बाजूला राहून लग्नात आणखी काय काय खोटं सांगितलं होतं तो विषय निघाला. सही राहिली. परतताना मी स्कूटर खड्ड्यांतून तशीच हाणली. मागून मामा म्हणाले, "पॉलिसी काय, उद्या बी हुईल. म्हातारी उद्या असंल का?" ती पॉलिसी झाली नाही. म्हातारी अजून ठणठणीत आहे.

वह्या म्हणजे साध्या वह्या नव्हेत. शाळेच्या जनरल रजिस्टरासारख्या लांबट, जाड पुठ्ठ्याच्या, आणि त्यात मामांनी स्वतः फूटपट्टीनं आखलेले रकाने. अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. शेवटचा रकाना 'शेरा' असा आहे आणि तो मी चोरून वाचते. एका धनगर कुटुंबापुढं लिहिलंय, 'माहिती उत्तम, कुत्रे वाईट.' एका सोनारांच्या घरापुढं, 'तीन ठिकाणांहून आल्याचे सांगतात, तिन्ही खरी असावीत.' माझ्या सासरच्या लोकांना आपण कुणा किल्लेदाराचे वंशज आहोत असं फार दिवस वाटत आलंय. मामांनी एका साखरपुड्यात, भर मांडवात, माईक हातात असताना सांगून टाकलं की किल्लेदार वगैरे काही नाही, यांचे पूर्वज नाणेघाटानं मिठाच्या गोण्या वाहायचे. "किल्ला काय, कुणी बी राखतंय. मीठ पाठीवर घेऊन घाट चढायला दम लागतो." त्यांच्या दृष्टीनं ती स्तुती होती. सासूबाईंनी सख्ख्या भावाला पुढं तीन महिने बिनसाखरेचा चहा दिला. मामांनी तो नेहमीसारखाच पिऊन टाकला, त्यामुळं सासूबाईंची शिक्षा फुकट गेली.

रविवारचा बाजार हा त्यांचा सणाचा दिवस. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी पाण्याच्या टाक्या दान दिल्याचे लेख आहेत, म्हणजे त्या काळी ग्रीक लोक इथवर आले होते, हे मामांना एकदा कळलं आणि तेव्हापासून घाऱ्या डोळ्यांचा माणूस सुरक्षित राहिला नाही. वांगी विकणाऱ्या एका बाईंना त्यांनी दहा मिनिटं समजावून सांगितलं की तुमचे पूर्वज समुद्रापलीकडून आलेले असणार. बाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तिकडं वांगी व्हत्यात का?" मामा म्हणाले, नक्की सांगता येणार नाही. "मंग कशाला जायचं तिकडं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वजनकाट्यात दोन किलो टाकून पैसे मागितले. आम्ही त्या आठवड्यात वांगीच खाल्ली.

पेठेत अत्तर आणि सुपारी विकणारे एक चाचा आहेत. मामांचे जुने दोस्त. त्यांच्या दुकानाच्या पायरीवर दोघे बसतात आणि जुन्नरच्या मुसलमान मोहल्ल्यांची माहिती बोलता बोलता वहीत जाते. कागद करणारे कोण, विणकर कोण, कुठल्या घराण्यात कुणी हबशी सरदाराबरोबर आलं होतं, कुणाच्या घरी अजून हळदीला मांडवडहाळे लागतात. चाचांच्या घराण्यात आपण इराणातून आलो अशी समजूत. एकदा चाचा म्हणाले, "मास्तर, आमी इराणचे, तर मला बाजरीची भाकरी एवढी गोड का लागती? बिर्याणी खाऊन पोट भरत नाय." मामा म्हणाले, "आजोबा इराणचे असतील. आजी हितलीच असणार. भाकरी तिनं आणली." चाचांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "लिवा मंग. आजी पयली लिवा, आजोबा खाली." त्या पानावर तसंच लिहिलेलं आहे.

नव्यानं येणाऱ्यांचीही मामा हेटाळणी करत नाहीत. नारायणगावला टोमॅटोच्या हंगामात क्रेट भरायला बिहारकडची पोरं येतात, गवंडीकामाला बंगालचे, चायनीजच्या गाडीवर नेपाळचे. गावातले लोक त्यांना सरसकट 'भय्या' म्हणून मोकळे होतात. मामा प्रत्येकाचा जिल्हा विचारतात, मोडक्या हिंदीत, "आप के घर में चावल की रोटी कि गेहूं की?" आणि घरी येऊन नोंद करतात. "तीन पिढ्या जाऊ दे," ते म्हणतात, "ही पोरं बी म्हंतील, आमी हितलंच." मी एकदा विचारलं, मामा, तुमच्या स्वतःच्या घराण्याचं पान कुठंय? त्यांनी दाखवलं. नाव, गाव, कुळदैवत भरलेलं होतं. 'मूळ स्थान' या रकान्यात लिहिलं होतं, 'चौकशी चालू.'

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती सांगते. मामांची पहिली नेमणूक भीमाशंकरच्या डोंगरात, आहुप्याच्या बाजूच्या एका वाडीतल्या एकशिक्षकी शाळेत झाली होती. वाडीचं नाव सांगत नाही. तेव्हा ते बावीस वर्षांचे. पावसाळ्यात चार महिने खाली उतरता यायचं नाही, भात आणि नाचणीवर राहायचं. त्या काळातली एकच गोष्ट ते अभिमानानं सांगत: पहिल्याच वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा लिहिला होता, 'रजिस्टर नीटनेटके.' आयुष्यात पुढं बरेच शेरे मिळाले असतील, पण मामांना आठवतो तो हाच. शिक्षकाची नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे वाक्य त्यांनी आमच्या घरात इतक्या वेळा म्हटलंय की माझी मुलगी ते झोपेत म्हणू शकेल.

गेल्या वर्षी जूनमध्ये त्या वाडीतला एक विद्यार्थी मामांना शोधत निमगावला आला. विद्यार्थी म्हणजे पन्नाशीचा बुधा, पांढरी टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी. मी तेव्हा तिथंच होते. बुधाची मुलगी अश्विनी आश्रमशाळेत आणि वसतिगृहात राहून बारावी झाली होती, नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. प्रवेश आदिवासींच्या जागेवर, म्हणून जातीची पडताळणी हवी. प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही तर जागा जाणार. तहसीलच्या जुन्या कागदांत बुधाच्या आजोबांच्या नावापुढं 'महादेव कोळी' अशी पूर्ण नोंद होती. पण बुधाच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'हिंदू कोळी'. डोंगरातले महादेव कोळी वेगळे, किनाऱ्यावरचे कोळी वेगळे; एकांना आदिवासींच्या सवलती आहेत, दुसऱ्यांना नाहीत. एकाच घरात दोन तऱ्हेच्या नोंदी, म्हणून पडताळणी करणाऱ्या समितीला शंका. बुधानं शाळेच्या रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स आणली होती. ती मामांसमोर ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, हे आसं कसं झालं, ते तुमी वाचून सांगा."

मामांनी चष्मा लावला. पानावर बारा नावं होती. पहिलं नाव होतं एका वनरक्षकाच्या मुलाचं. वनरक्षक कोकणच्या किनाऱ्यावरून बदलून आलेला, खरोखरच समुद्राकडचा कोळी. त्याच्यापुढं जातीच्या रकान्यात सुरेख अक्षरात 'हिंदू कोळी'. आणि त्याखाली अकरा नावांपुढं, एकाखाली एक, सरळ ओळीत, अकरा वेळा ते दोन छोटे स्वल्पविराम, ज्यांचा अर्थ 'वरीलप्रमाणे'. रकाना अरुंद होता, 'महादेव' लिहिलं असतं तर दुसऱ्या ओळीवर गेलं असतं, आणि पान घाण दिसलं असतं. बुधाचं नाव सातवं. मी एजंट आहे, माणसाचा चेहरा कधी पडतो ते मला कळतं. मामांचा तसा पडलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. म्हणाले, "बुधा, हे माझं अक्षर." बुधा म्हणाला, "व्हय, म्हनून तर आलो."

मला वाटलं होतं, माणसांमागं एवढं लागण्याचं कारण हेच असेल. कधीतरी हातून चूक झाली आणि तिची भरपाई म्हणून या वह्या. मी तसं त्यांना नंतर विचारलंही. ते म्हणाले, "न्हाई. मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर बरं झालं असतं." चाळीस-पंचेचाळीस वर्षं हा माणूस स्वतःच्या नीटनेटकेपणाचं कौतुक करत फिरला होता आणि त्याच पानावर एका मुलीचं नर्स होणं अडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटरवरून वाडीच्या शाळेत नेलं. तिथल्या तरुण मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "गुरुजी, विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर रजिस्टरात बदल करता येत नाही. तुम्हीच तर सांगता, काळ्या दगडावरची रेघ." ते वाक्य तिथवर पोचलेलं ऐकून मामा कसनुसं हसले. मग त्यांनी घोडेगावला जाऊन वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं. वकिलानं मसुद्यात 'अनवधानाने' असा शब्द घातला होता. मामांनी तो खोडायला लावला. "अनवधान नव्हतं. ध्यान होतं, रकान्याकडं होतं."

मग बुधाच्या घरी चौकशीला समितीच्या दक्षता पथकाचे एक अधिकारी आले. त्यांच्याकडं प्रश्नांची छापील यादी होती. कुळ कोणतं, कुळदैवत कोणतं, देवक कशाचं, लग्नाचे विधी कोणते. म्हणजे मामा वीस वर्षं लोकांना जे विचारत आले तेच, फक्त सहीशिक्क्यासकट. मामा कोपऱ्यात बसले होते. अधिकाऱ्यांनी आधीच बजावलं होतं, तुम्ही बोलायचं नाही. पहिल्या प्रश्नाला त्यांचे ओठ हलले, मी गुडघा दाबला. दुसऱ्याला हलले, मी पुन्हा दाबला. अश्विनी बिचारी पाचवीपासून वसतिगृहात. देवक विचारलं तर म्हणाली, माहीत नाही. लग्नाचे विधी विचारले तर म्हणाली, "मी एकाच लग्नाला होते, तेव्हा परीक्षा होती, जेवण करून परत गेले." खाण्याच्या पद्धती विचारल्या तर म्हणाली, "होस्टेलला सकाळी डाळभात, संध्याकाळी डाळभात." बुधा भिंतीकडं तोंड करून बसला. 

अधिकारी माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी यादी उलटी ठेवली आणि विचारलं, "दिवाळीला घरी येतेस ना? तेव्हा काय करता?" अश्विनी म्हणाली, "वाघबारस." आणि मग ती थांबेना. गुरं घेऊन रानात वाघोबाच्या दगडापाशी जायचं, दगडाला शेंदूर लावायचा, तिथंच तीन दगडांची चूल मांडून खीर करायची, गुराख्यांतला एक जण वाघ होतो आणि बाकीचे त्याला हाकलत नेतात. "आमचे बाबा दरवर्षी वाघ होतात. अंगाला पट्टे ओढतात. मागच्या वर्षी पळताना घसरले आणि करवंदीच्या जाळीत पडले, तरी सगळे ओरडत होते, परत येशील का, परत येशील का. बाबा काट्यातनं म्हणत होते, न्हाई येणार, पर मला काढा." बुधा भिंतीकडं बघता बघता हसायला लागला. अधिकारी लिहीत होते. यादीत तो प्रश्न होता की नाही कुणास ठाऊक. घरी जाताना मामा मागून एवढंच म्हणाले, "त्यांच्या प्रश्नांचा क्रम चुकलेला होता. सणापासून सुरू करायचं असतं." आणि मग घोडेगाव मागं पडल्यावर, "मी बी सणापासून कधी केलं न्हाई."

पुण्याला सुनावणी झाली. मामांनी लग्नाचा कोट घातला होता. समितीतल्या बाईंनी झेरॉक्स पुढं सरकवून विचारलं, "हे तुम्ही लिहिलं?" मामा म्हणाले, हो. "प्रत्येक मुलाला विचारून लिहिलं होतं का?" मामा उभे राहिले, शाळेत राहतात तसे. "न्हाई, बाई. पहिल्याला विचारलं. बाकीच्यांना नुसतं मोजलं." बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्यायला सांगितलं. खाली मामांनी सही केली, ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट अक्षरातली सही असेल.

अश्विनीला प्रमाणपत्र मिळालं. मुदत संपायला सहा दिवस उरले होते. तिनं पेढे आणले, मामांच्या पाया पडली. मामांनी पाय मागं घेतले. एवढ्यावर कुणीही समाधान मानलं असतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या दारात उभे, हातात तीच झेरॉक्स. "अजून दहा जण आहेत," ते म्हणाले. पुढचे दोन महिने मी विमा कमी विकला आणि मामांना जास्त फिरवलं. दहांपैकी दोघे वारले होते. त्यांच्या घरी मामा नुसते बसून आले. तिघे भोसरीला कंपन्यांत होते, त्यांच्या मुलांची कामं इतर कागदांवर होऊन गेली होती. त्यांनी मामांना हसण्यावारी नेलं आणि वडापाव खिलवला. चौघे गावाकडं शेती करत होते. मामांनी त्यांना प्रतिज्ञापत्राची एकेक प्रत दिली, लागली तर असू द्या म्हणून. त्यातल्या एकाच्या मुलाचा दाखला चार वर्षांपूर्वी याच नोंदीवरून अडला होता, त्यानं कॉलेज सोडलं आणि आता तो मंचरला टेंपो चालवतो. त्या बापानं चहा दिला, प्रत घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "तवा कुटं व्हता, गुरुजी?" येताना मी मामांची समजूत घातली नाही; घालावी असं त्या प्रश्नात काही नव्हतं.

दहावं नाव ठकूचं होतं. दुसरीतच शाळा सुटलेली, लग्न त्याच खोऱ्यात पलीकडच्या वाडीला. तिला मूलबाळ नव्हतं, सवलत नको होती, दाखला नको होता. मी म्हटलं, मामा, इथं जायची काही गरज नाही. ते म्हणाले, "नाव आहे ना पानावर." पायवाटेनं अर्धा तास चढून गेलो. ठकूबाई अंगणात हिरडे वाळत घालत होत्या. मामांनी आपण कोण ते सांगितलं, झालेलं सगळं सांगितलं, हात जोडले. ठकूबाईंना त्यातलं किती कळलं मला माहीत नाही. त्यांनी विचारलं, "पर नाव तरी ल्हिलं व्हतं नव्हं माजं? मला वाटलं, मी दोनच वरसं आलते, तुमी इसरला असाल." मामा म्हणाले, "ठकू, वय सहा, उंची कमी, पहिल्या रांगेत." ठकूबाईंनी हात पुसून झेरॉक्स घेतली. वाचता येत नव्हतं. "ह्यात मी कंची?" मामांनी बोट ठेवून दाखवलं. ठकूबाईंचं बोट नावावरून पुढं सरकलं आणि त्या दोन स्वल्पविरामांवर थांबलं. "आन ह्या टिकल्या कसल्या?"

"ती माझी चूक," मामा म्हणाले.

ठकूबाई त्या रांगेकडं वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आसू द्या. समदी पोरं एकामागं एक बसल्यागत दिसत्यात."

मामांनी खिशातलं पेन काढलं आणि तिथंच, हिरड्यांच्या शेजारी बसून, त्या टिकल्यांवर लिहायला सुरुवात केली. एकेका नावापुढं, पूर्ण, 'महादेव कोळी'. अक्षर रकान्याबाहेर जात होतं, दुसऱ्या ओळीवर उतरत होतं, पान घाण दिसत होतं. त्या झेरॉक्सला कायद्यात काडीची किंमत नव्हती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. लिहिताना ते एकेक नाव मोठ्यानं वाचत होते आणि ठकूबाई प्रत्येक नावाला, जे जिवंत होते त्यांच्याही आणि जे नव्हते त्यांच्याही, हजेरीला देतात तशी "हाय" म्हणत होत्या.